रमजानच्या निमित्ताने : आदराची खरी कसोटी

स्मरणिकेच्या पानांवर संस्थेच्या वाटचालीचा गौरव असावा, असा संकेत आहे. निकालांची टक्केवारी, नव्या इमारती, मान्यवरांच्या भेटी, माजी विद्यार्थ्यांनी मिळविलेली पदे हे सारे या अंकात अन्यत्र आले आहे आणि ते यायलाच हवे होते. या निवासी शाळेत शिकविणारे व वसतिगृहातच राहणारे आम्ही काही शिक्षक मात्र येथे आमच्या हातून झालेल्या एका चुकीची नोंद करू इच्छितो. ती चूक रमजानच्या महिन्यात झाली. तिने आम्हाला जे शिकविले, ते आमच्यानंतर येथे येणाऱ्यांना ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता. वसतिगृहात खाण्याचे पदार्थ खोलीत ठेवू नयेत, असा आपला जुना नियम आहे. मुंग्या आणि उंदीर होतात, म्हणून तो केलेला. पहाटे पाचच्या सुमारास फेरी मारताना आठवीतला एक मुलगा अंधारात पांघरुणाआड बसून काही खात असलेला आढळला. रात्रीच्या जेवणातल्या दोन चपात्या त्याने रुमालात बांधून ठेवल्या होत्या. नियमाप्रमाणे त्याला सकाळच्या परिपाठात सर्वांसमोर उभे करण्यात आले. तो उभा राहिला. कारण विचारले, तेव्हा खाली मान घालून गप्प राहिला. दुपारच्या पंगतीत त्याची जागा रिकामी दिसली, तेव्हा भोजनगृहातल्या मावशींनी आम्हाला सांगितले, “सर, त्याचा रोजा आहे. पाच-सहा दिवस झाले. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

आम्हाला ठाऊक नव्हते. खरे तर आम्ही विचारलेच नव्हते. आपल्या वसतिगृहात दरवर्षी काही मुस्लिम विद्यार्थी असतात, हे प्रवेशाच्या नोंदवहीत आम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेले होते. पण त्या नोंदीचा आमच्या वेळापत्रकाशी काही संबंध असू शकतो, हे आमच्या मनात आले नव्हते. शिक्षा झाली याहूनही त्या मुलाचे मौन आम्हाला अधिक लागले. आपले कारण सांगावे आणि ते ऐकून घेतले जाईल, असा विश्वास त्याला आमच्याबद्दल वाटला नव्हता. करुणेचा पाठ रोज देणाऱ्या शाळेला याहून कठोर प्रगतिपुस्तक कोणते मिळणार?

अपराधी वाटलेली माणसे बहुधा जे करतात, तेच आम्ही केले. आम्ही इफ्तारचा कार्यक्रम ठेवला. सभागृह सजविले, गावातील प्रतिष्ठितांना बोलाविले, खजूर, फळे आणि सरबत मांडले. बंधुभावावर भाषणे झाली, छायाचित्रे निघाली, वर्तमानपत्रात बातमीही आली. दुसऱ्या दिवशी आम्ही समाधानात असताना मावशींनी अगदी साधेपणाने विचारले, “काल संध्याकाळचं झालं. आज पहाटेचं काय करायचं?” कारण पहाटे भोजनगृहाला कुलूपच होते. सर्वांना खजूर वाटणाऱ्या आमच्या शाळेत रोजा ठेवणारा मुलगा सहरीला अजूनही रुमालातली वाळलेली चपातीच खात होता.

आमचे मत त्या प्रश्नातून तयार झाले. दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर हा उत्सवाच्या दिवशी आपण काय देतो यावरून ठरत नाही. साध्या दिवशी आपण त्याच्यासाठी किती सरकतो आणि त्याच्याकडून काय मागत नाही, यावरून तो ठरतो. एका संध्याकाळची इफ्तार सोपी असते, कारण तिच्यात आपले काही बदलत नाही. वेळापत्रक बदलणे अवघड असते, कारण तेथे आपली सवय आड येते.

रमजान म्हणजे केवळ उपवास नव्हे, हेही आम्हाला त्यानंतरच नीट समजले. हिजरी कालगणनेतील हा नववा महिना. चंद्रदर्शनाप्रमाणे तो २९ किंवा ३० दिवसांचा असतो. पहाट फुटण्यापूर्वीची सहरी ते सूर्यास्ताची इफ्तार या वेळात अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. आपल्याकडे मार्चमध्ये हा काळ सुमारे तेरा तासांचा होतो. जिभेला केवळ चवीपासून आवरायचे नसते. खोटे, चहाडी आणि भांडण यांपासूनही तिला आवरावे, अशी अपेक्षा असते. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती आहे, त्याने तिचा अडीच टक्के भाग जकात म्हणून गरजूंना द्यायचा असतो. ती वर्षातून एकदा देय असली, तरी पुष्कळ कुटुंबे ती याच महिन्यात देतात. ईदच्या नमाजापूर्वी फित्रा द्यायचा तो गरिबाच्या घरीही त्या दिवशी सण व्हावा म्हणून. आजारी, प्रवासी, गर्भवती यांना सवलत आहे आणि लहान मुलांवर तर रोजा बंधनकारकच नाही.

हे समजून घेताना आम्हाला आपला उपोसथ आठवला. अष्टशील घेणारा उपासक मध्यान्हानंतर भोजन करीत नाही, हे आपण जाणतो. वर्षावासाचे तीन महिने संयमाचे असतात, हेही आपण मुलांना शिकवितो. भूक आवरून मन आवरण्याचा अभ्यास आपल्यालाही परका नाही. परंतु येथे एक सावधगिरी बाळगावी, असे आम्हाला वाटते. “सगळे धर्म शेवटी सारखेच” हे वाक्य सभेत टाळ्या मिळविते, पण ते आळसाचे वाक्य आहे. मुस्लिम मुलगा अल्लाहची आज्ञा म्हणून रोजा ठेवतो. आपला धम्म सृष्टिकर्त्या ईश्वरावर उभा नाही. हा भेद खरा आहे आणि तो पुसून टाकण्यात दोघांचाही मान राहत नाही. जे आपल्यासारखे आहे त्याचा आदर करणे म्हणजे स्वतःचाच आदर करणे. जे आपल्यासारखे नाही, त्याच्यासाठी जागा करताना खरी परीक्षा होते.

पुढच्या वर्षी आम्ही कामाला लागलो, तेव्हा असे दिसून आले की अडचणी मोठ्या नव्हत्या, फक्त कोणी त्या सोडवायला घेतल्या नव्हत्या. रोजा ठेवणाऱ्या मुलांचे दुपारचे जेवण वाचते. तोच शिधा पहाटेकडे वळविला की खर्च वाढत नाही. रात्रीच डाळ-भाजी करून ठेवायची, पहाटे एका शिक्षकाने कुलूप उघडून ती गरम करायची, एवढाच प्रश्न होता. शिक्षकांनी पाळ्या लावून घेतल्या. उन्हातली कवायत आणि धावण्याचा सराव या मुलांना त्या महिन्यापुरता ऐच्छिक केला.

एका प्रश्नावर मात्र आमच्यात बराच वाद झाला. पहाटेच्या उठण्याने इतरांची झोप मोडते, तेव्हा या मुलांना महिनाभर एक वेगळी खोली द्यावी, अशी सूचना आली. ती सोयीची होती आणि सद्भावनेने केलेली होती. तरीही आम्ही ती नाकारली. वेगळी खोली, वेगळी पंगत, वेगळे पाणी या शब्दांचा इतिहास आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावरून गेलेला आहे. सोयीच्या नावाने सुरू झालेले वेगळेपण पुढे कशात बदलते, हे आपल्याला इतरांनी सांगण्याची गरज नाही. मुले आपापल्या खोल्यांतच राहिली. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या खाटेवरचा बौद्ध मित्रच गजर लावून त्यांना उठवू लागला.

या बदलांवर आक्षेपही आले, आणि ते आपल्याच माणसांकडून आले. काही पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी विचारले की, १९५६ साली नागपुरात आपण कर्मकांडाचे ओझे उतरवून ठेवले. मग आपल्याच शाळेत दुसऱ्या धर्माच्या विधींसाठी पहाटे दिवे का लावायचे? बुद्धिप्रामाण्य शिकविणाऱ्या संस्थेने श्रद्धेला उत्तेजन का द्यावे? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. तो विचारातून आलेला आहे आणि त्याला विचारानेच उत्तर दिले पाहिजे.

पहिले उत्तर मज्झिम निकायातील उपालीच्या कथेत आहे. नालंदेचा हा धनाढ्य गृहपती निगंठांचा उपासक होता. बुद्धांशी वाद करून त्यांना हरविण्याच्या हेतूने तो आला आणि त्यांचे म्हणणे पटून त्यांचाच उपासक व्हायला निघाला. बुद्धांनी त्याला घाई करू दिली नाही. नीट विचार कर, असे सांगितले. आणि पुढे याहूनही मोठी गोष्ट सांगितली. त्याचे घर दीर्घकाळ निगंठांसाठी पाणवठ्यासारखे राहिले होते. दाराशी येणाऱ्या त्या साधूंना भिक्षा मिळत राहावी, असे त्यांनी त्याला सुचविले. मत बदलले म्हणून पाणवठा बंद करायचा नाही, हा त्या कथेचा आशय आहे. बुद्धांनी निगंठांच्या मताचे खंडन त्याच बैठकीत केले होते. खंडन आणि अन्नदान या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. आपल्यालाही वाटू नयेत.

दुसरे उत्तर सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात आहे. सर्व संप्रदायांचा मान राखणारा हा राजा त्यात सांगतो की, दान आणि मानसन्मान यांपेक्षा सर्व संप्रदायांतील साराची वाढ त्याला अधिक मोलाची वाटते, आणि त्या वाढीचे मूळ वाणीच्या संयमात आहे. स्वतःच्या संप्रदायावरील भक्तीपोटी दुसऱ्याची निंदा करणारा आपल्याच संप्रदायाची हानी करतो, असेही तो बजावतो. आमच्या त्या इफ्तारच्या समारंभाकडे या शिलालेखाच्या प्रकाशात पाहिले, तर आम्ही दान आणि सन्मान केला होता. साराला हात घातला नव्हता.

तिसरे उत्तर आपल्या अगदी जवळचे आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक परतले. त्यानंतर गावात अफवा उठली आणि सवर्णांच्या जमावाने परिषदेच्या मंडपावर व रस्त्यात भेटेल त्या प्रतिनिधीवर हल्ला केला. त्या वेळी अनेकांना आसरा मिळाला तो मुस्लिम घरांत. हा प्रसंग आपण दरवर्षी मुलांना सांगतो. परंतु त्यातील एक गोष्ट आमच्याही ध्यानात इतक्या वर्षांत आली नव्हती. हिजरी कालगणनेशी तारीख ताडून पाहिली, तर तो दिवस रमजान महिन्याच्या मध्यावर येतो. ज्या घरांनी आपल्या माणसांसाठी दारे उघडली, त्या घरांत त्या दिवशी रोजे चालू असणार. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या मंडपासाठी गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. मनुस्मृतीचे दहन ज्या परिषदेत झाले, ती परिषद अशी उभी राहिली. रोजा ठेवणाऱ्या घरांनी आपल्याला दार उघडले होते. आपण भोजनगृहाचे कुलूपही उघडू नये काय?

याचा अर्थ चिकित्सा सोडावी, असा नव्हे. बाबासाहेबांनी मुस्लिम समाजातील दोषांवरही स्पष्ट आणि कठोर लिहिले आहे. आपणही वर्गात कोणत्याही धर्माविषयी प्रश्न विचारू शकतो, विचारलेच पाहिजेत, आणि आपल्या धम्माविषयीचे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. पण उपाशी मुलाच्या ताटापाशी उभे राहून वाद घालायचा नसतो.

आता सर्वांत अवघड मुद्द्याकडे येतो. आपली सायंवंदना साडेसहाला सुरू होते. मार्चमध्ये सूर्यास्तही त्याच सुमारास होतो. त्यामुळे रोजा सोडण्याची वेळ आणि त्रिसरण-पंचशील म्हणण्याची वेळ एकच येऊ लागली. एका संध्याकाळी वंदनेला बसलेल्या एका मुलाची मूठ घट्ट मिटलेली दिसली. वंदना संपल्यावर त्याने ती उघडली, तर आत खजूर होता. तेरा तासांनंतरचा तो घास वंदना संपेपर्यंत त्याने धरून ठेवला होता. आम्ही वंदनेची वेळ त्या महिन्यापुरती पुढे ढकलली. प्रश्न सुटला असे वाटले, पण तो तेथे सुटत नव्हता. त्या मिटलेल्या मुठीने आम्हाला दुसराच प्रश्न विचारला होता. रमजान असो वा नसो, हा मुलगा वर्षभर रोज बुद्धाला, धम्माला आणि संघाला शरण जाण्याचे शब्द उच्चारतो, ते कोणाच्या इच्छेने?

भारतीय संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे. २८व्या अनुच्छेदाचे तिसरे कलम त्याहून नेमके आहे. शासनमान्य किंवा शासनाचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्यास वा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. ज्या संविधानाची उद्देशिका आपण रोज परिपाठात वाचतो, त्यातलीच ही तरतूद आहे. इतर शाळांत आपल्या मुलांना परक्या प्रार्थना म्हणाव्या लागतात, तेव्हा आपण याच कलमाकडे बोट दाखवितो, आणि ते योग्यच आहे. मग तोच न्याय आपण आपल्या सभागृहाला का लावू नये?

“आमची वंदना म्हणजे उपासना नव्हे, ती नीतीची प्रतिज्ञा आहे,” असे काही सहकारी म्हणतात. आम्हालाही तसे वाटते. परंतु ते आपल्याला काय वाटते हे झाले. जो ती म्हणतो त्याला ती काय वाटते, हे त्यालाच विचारले पाहिजे. शिवाय शरण जाण्याला अर्थ असतो तो ते स्वेच्छेने होते म्हणून. उपालीलाही थांबायला सांगणाऱ्या शास्त्याला सक्तीने घेतलेले त्रिसरण कसे रुचेल? म्हणून आता प्रवेशाच्या वेळी पालकांना आणि मुलालाही विचारले जाते. ज्याला वंदनेला बसायचे नसेल, तो त्या वेळी ग्रंथालयात वाचत बसतो. त्याला त्या वेळात कोणतेही काम सांगायचे नाही आणि कारणही विचारायचे नाही. काही मुस्लिम मुले आजही आपणहून वंदनेला येऊन शांत बसतात, काही येत नाहीत. दोन्ही गोष्टी आम्हाला सारख्याच मान्य आहेत.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही आहे. एका वर्षी एका मुस्लिम मुलाने चार रोज्यांनंतर रोजा सोडला आणि तो दुपारच्या पंगतीत येऊन बसला. काही मुलांनी त्याची थट्टा केली. त्यांत त्याच्या धर्माची मुले होती, तशी आपलीही होती. आम्ही थट्टा थांबविली आणि त्याला पोटभर वाढले. रोजा ठेवणाऱ्याचा मान राखायचा, तसाच न ठेवणाऱ्याचाही. शाळेने धर्मरक्षक व्हायचे नसते. कोण किती श्रद्धाळू आहे, याची हजेरी आम्ही घेणार नाही.

सारे सहजपणे जुळून आलेले प्रसंगही आम्ही पाहिले आहेत. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी १४ एप्रिल रमजानमध्येच आला. जयंतीच्या दुपारी पंगत बसली, तेव्हा रोजा ठेवलेली मुले उन्हातान्हात हौसेने खीर वाढीत होती. कोणी त्यांना सांगितले नव्हते. सूर्य मावळल्यावर त्यांच्यासाठी झाकून ठेवलेली खीर इतर मुलांनी त्यांच्यापुढे आणली. त्या दिवशी भाषण झाले नाही आणि छायाचित्रही कोणी काढले नाही.

आमचे म्हणणे आता थोडक्यात मांडतो. चांगुलपणा व्यक्तीवर सोपवून चालत नाही. मावशी निवृत्त होतील, आम्हीही होऊ. ज्या गोष्टी आज सद्भावनेने होतात, त्या वसतिगृहाच्या नियमावलीत लिहिल्या जाव्यात, अशी संस्थेच्या संचालक मंडळाला आमची विनंती आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०२४ साली तो १२ मार्चला सुरू झाला, २०२५ साली २ मार्चला, आणि दोन्ही वर्षी दहावीच्या परीक्षेचे काही दिवस त्यात आले. २०३० साली तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर असा दोनदा सुरू होईल. म्हणून नियमात तारीख लिहून भागणार नाही. दरवर्षी जूनमध्ये शाळेचे वार्षिक नियोजन करताना आपली पौर्णिमांची यादी आपण काढतो, तशीच इतरांचे दिवसही शेजारी मांडण्याची सवय लावून घ्यावी लागेल. ख्रिस्ती, जैन, हिंदू, आदिवासी अशा सर्व मुलांसाठी ती उपयोगी पडेल.

ज्या मुलाला आम्ही परिपाठात उभे केले होते, त्याची आम्ही नंतर त्याच परिपाठात सर्वांसमोर क्षमा मागितली. तो संकोचला आणि हसला. दहावी होऊन तो येथून गेला. त्याने आमच्याकडून काय नेले, ते आम्हाला सांगता येणार नाही. पण तो गेल्यानंतरही रमजानच्या पहाटे भोजनगृहातला दिवा लागतो आणि पाळीचा शिक्षक डाळ गरम करीत उभा असतो. आपल्या शाळेच्या गौरवाच्या नोंदींत या दिव्याचीही नोंद असावी आणि तो पुढेही लागत राहावा, एवढीच आमची इच्छा आहे.